ग्रंथपालांनो, संघाच्या सभेला या

सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला सरकारकडून वर्षाला ४८ हजार रुपये अनुदान मिळू लागले. २०२२ मध्ये मंजूर झालेल्या साठ टक्के वाढीनंतरचा हा आकडा आहे, त्याआधी तो ३० हजार होता. एवढ्यात ग्रंथपालाचा पगार, नवी पुस्तके, वर्तमानपत्रांची बिले, वीज आणि जागेचे भाडे भागवायचे असते. बाकी सगळे खर्च बाजूला ठेवून सारी रक्कम पगाराला दिली, तरी महिन्याला चार हजारच होतात. रोज संध्याकाळी कुलूप उघडणारी, केर काढणारी, वर्तमानपत्रे मांडणारी, पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके शोधून देणारी आणि तपासणीच्या दिवशी सगळ्या नोंदवह्या हजर करणारी ती एकटी व्यक्ती या आकड्यावर उभी आहे.

ही साठ टक्केही कुणी खुशीने देऊ केलेली नाहीत. वर्षानुवर्षे निवेदने, धरणी, अधिवेशनावरचे मोर्चे, मंत्र्यांच्या दालनाबाहेरची ताटकळ यानंतर ती पदरात पडली. हे करणारे कोण? राज्य ग्रंथालय संघ, विभागांचे संघ, जिल्ह्याजिल्ह्यांचे संघ आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना. त्यांच्या सभांच्या बातम्या स्थानिक पुरवणीच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. त्यांच्या अध्यक्षांची नावे वाचकांना ठाऊक नसतात. आणि आता परिस्थिती अशी आहे की खुद्द ग्रंथपालांनाही संघ आपला वाटेनासा झाला आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांनी लहानपणी या जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयाची पायरी चढली त्या प्रत्येकासाठी आहे.

सोलापूरला वाचनालयांची परंपरा नवी नाही. हिराचंद नेमचंद वाचनालय आपली स्थापना १८५३ ची सांगते, म्हणजे १८५७ च्या उठावाच्याही आधीची. जुनी गिरणी उभी राहायला तेव्हा अजून दोन तपांचा अवकाश होता. रत्नागिरी, अहमदनगर, नाशिक, पुणे, कोल्हापूर अशा मोजक्याच शहरांत त्या वेळी अशी वाचनालये होती. दात्यांच्या औदार्यावर, सभासदांच्या वर्गणीवर आणि एखाद्या चिकट चिटणिसाच्या चिकाटीवर ती चालली. शेठ हिराचंद नेमचंद यांचे नाव आजही त्या वाचनालयाच्या दारावर आहे, आणि त्याच्या ॲम्फी थिएटरमध्ये व्याख्यान ऐकले नाही असा सोलापुरातला वाचक विरळा. पण दाता इमारत देऊ शकतो, कपाटे देऊ शकतो, फार तर मुदत ठेव देऊ शकतो. करमाळ्याच्या, सांगोल्याच्या, मंगळवेढ्याच्या खेड्यातल्या मुलाला पुस्तक मिळण्याचा हक्क त्याला देता येत नाही. त्यासाठी कायदा लागतो, आणि कायदा मागायला माणसे एकत्र यावी लागतात.

हे आपल्या आधी इतरांना उमगले होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालये उभी केली आणि ग्रंथपाल शिकवून तयार करण्याचा वर्गही काढला. पण तिथे राजाच पाठीशी होता. राजा पाठीशी नसलेल्या ठिकाणी काय करायचे, हे तेलुगू मुलखाने दाखवले. सोलापूरच्या पूर्व भागात ज्या भाषेत घराघरांतून बोलणे चालते, त्याच भाषेच्या लोकांनी १९१४ मध्ये अय्यंकी वेंकटरमणय्या यांच्या पुढाकाराने आंध्र देश ग्रंथालय संघ स्थापन केला. देशातल्या पहिल्यावहिल्या ग्रंथालय संघांपैकी तो एक. १९२१ साली पुण्यात न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्रातील वाचनालयांची परिषद भरली आणि दत्तो वामन जोशींसारख्या कार्यकर्त्यांच्या धडपडीतून महाराष्ट्राचा संघ आकाराला आला. पुढे १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ झाला. त्याचे चिटणीस होते शि. रा. रंगनाथन, गणिताचे प्राध्यापक आणि मग आयुष्यभराचे ग्रंथपाल. 'ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत' १९३१ मध्ये लिहून ते थांबले नाहीत. संघाच्या व्यासपीठावरून त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयांच्या कायद्याचा पाठपुरावा केला आणि १९४८ मध्ये मद्रासने तो मंजूर केला. स्वतंत्र भारतातला असा तो पहिला कायदा. रंगनाथनांची विद्वत्ता आपण १२ ऑगस्टला हार घालून आठवतो. त्यांचे संघटन मात्र भाषणांत फारसे येत नाही, आणि मला तेच अधिक मोठे वाटते.

आपल्याकडे १९३९ मध्ये मुंबई सरकारने असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९४० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका आणि गावापर्यंत उतरत जाणारी योजना मांडली. युद्ध आले, पैसा नव्हता, योजना पडून राहिली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तिचा काही भाग अमलात आला आणि जिल्ह्याच्या ठिकाणची जुनी वाचनालये सरकारी मदतीच्या कक्षेत आली. पण कायदा व्हायला महाराष्ट्र राज्य स्थापन होऊनही सात वर्षे जावी लागली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, आणि तो लागू झाला १ मे १९६८ रोजी. कृ. मु. उजळंबकर पहिले ग्रंथालय संचालक झाले. अनुदानाचे नियम १९७० मध्ये आले. राज्य ग्रंथालय परिषदेत ग्रंथालय संघाच्या प्रतिनिधीला कायद्यानेच जागा मिळाली. ही जागा मला फार मोलाची वाटते. वाचनालयाविषयीचा निर्णय होताना वाचनालयात काम केलेले कुणीतरी त्या टेबलाशी बसलेले असावे, एवढी तजवीज त्या पिढीने करून ठेवली. टेबलाशी कुणाला पाठवायचे हे ठरवणारा संघच पोकळ झाला, तर त्या तजविजीला अर्थ उरत नाही.

महाराष्ट्राच्या कायद्याची एक गोष्ट सीमेवरच्या आपल्या जिल्ह्याला लवकर कळायला हवी. अक्कलकोटहून थोडे पुढे गेले की कर्नाटक लागते. तिथला १९६५ चा कायदा स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसवतो, सहा टक्के. तिथे सार्वजनिक ग्रंथालय हे सरकारी खाते आहे आणि ग्रंथपाल त्या खात्याचा नोकर. आपल्याकडे उपकर नाही. आपले वाचनालय ही एक स्थानिक संस्था असते, तिला कार्यकारी मंडळ असते, आणि ग्रंथपाल त्या मंडळाचा नोकर असतो. यात एक फार चांगली बाजू आहे. वाचनालय गावाचे राहते. त्याला गावाचा स्वभाव येतो, आणि सरकार बदलले म्हणून त्याची कपाटे बदलत नाहीत. ही पद्धत मोडून सरकारी खाते करावे असे मी म्हणणार नाही. पण तिची किंमत ग्रंथपाल मोजतो. त्याला सेवाशर्ती नाहीत, वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली, शिफारशी झाल्या. वेतनश्रेणीची मागणी मात्र आजही मागणीच आहे. हजारो संस्थांत एकेकटा विखुरलेला, प्रत्येकाचा मालक वेगळा, सगळ्यांचे अनुदान एकाच तिजोरीतून. अशा माणसाला संघाची जितकी गरज आहे तितकी सरकारी खात्यातल्या ग्रंथपालालाही नसेल.

मग तो संघापासून दूर का? याची कारणे आपल्यातच आहेत आणि ती स्पष्ट बोलायला हवीत. ग्रंथालय संघ हा मुळात ग्रंथालयांचा संघ. सभासद असते संस्था, आणि सभेला येतात संस्थेचे अध्यक्ष किंवा कार्यवाह. ग्रंथपाल आला तरी मागच्या खुर्चीवर बसतो, कारण पुढे त्याचा मालक बसलेला असतो. ग्रंथपालांनी मग कर्मचारी संघटना वेगळी केली. महाविद्यालयीन ग्रंथपालांची संघटना निराळी, शाळांतल्या ग्रंथपालांची आणखी निराळी. महाविद्यालयातल्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी, शाळेतला पटसंख्येवर पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ठरणारा, आणि सार्वजनिक वाचनालयातला वर म्हटले तसा. एकाच शहरात एकाच धंद्याची तीन माणसे, एकमेकांना नावानेही न ओळखणारी. पुस्तकांना कसर लागली तर तिघांनाही लागते. ई-ग्रंथालय प्रणालीत मराठी नोंदी बिघडल्या तर तिघांच्याही बिघडतात. निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही हे दुखणेही तिघांचे. नव्या वाचनालयांना मान्यता आणि जुन्यांची वर्गवाढ २०१२ पासून अडली, त्याची झळ सार्वजनिक वाचनालयांना बसली. महाविद्यालयांत ग्रंथपालांच्या जागा रिकाम्या राहिल्या, त्याची झळ विद्यार्थ्यांना बसली. दोन्ही लढाया वेगवेगळ्या लढल्या गेल्या, म्हणून दोन्हीकडे माणसे कमी पडली.

सोलापूरला हे दुरुस्त करण्याची संधी इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे. १९६२ पासून आपली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. ग्रंथपालांची बैठक, कार्यशाळा, सगळे कोल्हापूरला. बार्शीच्या किंवा करमाळ्याच्या ग्रंथपालाने एका दिवसाच्या सभेसाठी एवढा प्रवास किती वेळा करावा? १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ सुरू झाले, तेही एकाच जिल्ह्यापुरते. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे विद्यापीठाची हद्द, जिल्हा परिषदेची हद्द आणि जिल्हा ग्रंथालय संघाची हद्द एकच झाली. अकरा तालुके, एकच विद्यापीठ, एकच जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालय. महाराष्ट्रात अशी सोय सहसा नाही. विद्यापीठाचा ग्रंथपाल, संगमेश्वर किंवा दयानंद महाविद्यालयाचा ग्रंथपाल, प्रशालेतला ग्रंथपाल आणि माढ्याच्या गावातली वाचनालय चालवणारी बाई एका सभागृहात बसू शकतात, आणि संध्याकाळच्या एसटीने घरी परतू शकतात.

ते एकत्र बसले तर पहिल्यांदा ज्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते ते म्हणजे प्रशिक्षण वर्ग. जिल्हा ग्रंथालय संघांचे इतके दिवसांचे सर्वांत भक्कम काम हेच आहे. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, आणि शेवटी संचालनालयाची परीक्षा. बारावी झालेली, लग्न होऊन गावातच राहिलेली मुलगी, गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेल्या कामगाराचा मुलगा, आधीच वाचनालयात झाडलोट करणारा आणि तिथेच पुस्तकांच्या नादी लागलेला पोरगा, अशी माणसे या वर्गांतून ग्रंथपाल होतात. दाखल नोंदवही कशी ठेवायची, पुस्तकाला दाखल क्रमांक कुठे टाकायचा, तालिका पत्रावर लेखकाचे आडनाव आधी का येते, देवघेव कशी चालवायची, अंदाजपत्रक कसे मांडायचे, हे सगळे त्यांना इथे मिळते. विद्यापीठातली पदवी परवडत नाही अशा घरांसाठी हा दरवाजा आहे.

आणि सोलापूरचा वर्ग पुण्याच्या वर्गासारखा असून भागत नाही. इथल्या ग्रंथपालाला ड्यूई वर्गीकरणात मराठी साहित्याचा ८९१.४६ हा अंक पाठ असून पुरत नाही. उर्दूचा ८९१.४३९, कन्नडचा ८९४.८१४ आणि तेलुगूचा ८९४.८२७ हेही त्याच्या हाताशी हवेत. विडी वळणाऱ्या घरातली आजी तेलुगू पुस्तक मागते, तिची नात मराठी माध्यमात शिकते आणि त्यांच्या शेजारघरातला मुलगा उर्दू शाळेत जातो. या तिघांना एकाच कपाटापुढे सामावून घेण्याची विद्या राज्याच्या छापील पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ती इथल्या जुन्या ग्रंथपालांच्या अनुभवात आहे. कन्नड लेखकाचे नाव मराठी तालिकेत कसे लिहायचे, आडनावच नसेल तर काय धरायचे, तेलुगू घरनाव पुढे की मागे, याचे निर्णय त्यांनी रोज केले आणि कुठेही लिहून ठेवले नाहीत. ते निवृत्त झाले, काही गेले. महाविद्यालयीन ग्रंथपालांनी वर्षातून दोन-चार रविवार संघाच्या वर्गात शिकवायला द्यावेत आणि शिकवता शिकवता या चार भाषांची एक व्यवहारवही तयार करावी, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. त्यासाठी मानधनाची वाट पाहू नका.

दुसरी गोष्ट दप्तराची, आणि ती आणखी तातडीची आहे.

संघटनांचे कागद सहसा कार्यालयात नसतात. कार्यालयच नसते. चिटणीस बदलला की फाइल नव्या चिटणिसाच्या घरी जाते, किंवा जुन्याच्याच घरी माळ्यावर राहते. इतिवृत्ताची वही, वर्गणीच्या पावत्यांच्या स्थळप्रती, अधिवेशनाची निमंत्रणपत्रिका, अध्यक्षांचे छापील भाषण, वर्गातल्या विद्यार्थ्यांचा गटफोटो, मंत्र्यांना दिलेल्या निवेदनाची शिळाप्रेसवर काढलेली प्रत, हाच आपल्या धंद्याचा इतिहास आहे. घर रंगवायला काढले की तो रद्दीवाल्याकडे जातो. घरच्यांचा त्यात दोष नाही. हे कागद कशाचे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. पुण्या-मुंबईच्या संघांचा इतिहास कुणी ना कुणी लिहिला. शां. ग. महाजनांनी महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालय चळवळीचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला. सोलापुरात हे काम कुणी करायला घेतले, तर त्याने कोणत्या कपाटात हात घालावा?

जपणूक म्हणजे काय, हे सोलापूरला शिकवण्याची गरज नाही. जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्राकृत आणि संस्कृत ग्रंथ संपादित करून याच शहरातून जगभरच्या अभ्यासकांच्या हाती दिले. शेकडो वर्षांच्या हस्तलिखितांसाठी जे शहर इतके कष्ट घेऊ शकते, ते साठ-सत्तर वर्षांच्या इतिवृत्तांसाठी का घेणार नाही? आणि हरवण्याचा अर्थही याच शहराला सर्वांत चांगला कळतो. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. कुर्बान हुसेन 'गझनफर' हे पत्र चालवत. हुतात्म्यांच्या पुतळ्यांपुढे आपण दर वर्षी उभे राहतो. पण 'गझनफर'चा एक अंक हातात घेऊन वाचायचा तर कुठे जावे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? वृत्तपत्राचीच ही गत असेल, तर ग्रंथपालांच्या सभेचे इतिवृत्त टिकेल याचा भरवसा कुणी द्यायचा? आपणच द्यायचा. कागद जपणे हेच आपले काम आहे. ते स्वतःच्या बाबतीत आपण करू शकलो नाही, तर सरकारपुढे जाऊन आमचे काम मोलाचे आहे असे सांगण्याचे बळ कुठून येणार?

म्हणून हे आवाहन. येत्या १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, अकरा तालुक्यांतल्या प्रत्येक ठिकाणी ग्रंथपालांनी तालुक्याच्या वाचनालयात जमावे. शाळेतले, महाविद्यालयातले, गावातले, सगळे. हार आणि भाषण आटोपशीर ठेवा. तालुक्यातल्या सर्व ग्रंथपालांची एक यादी करा, निवृत्तांसह, आणि ती जिल्हा संघाकडे द्या. सार्वजनिक वाचनालयाच्या अध्यक्षांना माझी विनंती अशी की संघाच्या वार्षिक सभेला या वर्षी तुमच्याबरोबर ग्रंथपालालाही पाठवा, त्याला पुढच्या रांगेत बसू द्या आणि बोलू द्या. प्रवासखर्च संस्थेने द्यावा. महाविद्यालयीन ग्रंथपालांनी आपली संघटना मोडण्याची काही गरज नाही. वर्षातून एक सभा जिल्हा संघाबरोबर संयुक्त घ्या, आणि तिचा विषय एकच ठेवा: रिक्त जागा आणि ग्रंथपालाचे वेतन. जिल्ह्यातल्या सगळ्या आमदारांना एकाच दिवशी, एकाच मसुद्याचे, तिन्ही प्रकारच्या ग्रंथपालांच्या सह्यांचे निवेदन गेले, तर ते कोणाच्या टेबलावर दुर्लक्षित पडणार नाही.

वाचकांनो, तुमच्याकडेही मागणे आहे. तुमच्या वडिलांनी, काकांनी, मावशीने कधी वाचनालयात नोकरी केली असेल, संघाच्या कार्यकारिणीत काम केले असेल, तर त्यांचे जुने कागद एकदा उघडून पाहा. निवृत्त ग्रंथपाल हयात असतील तर मोबाइलवर त्यांचे बोलणे नोंदवून घ्या. पहिली नेमणूक कशी झाली, पगार किती होता, अनुदान उशिरा आल्यावर घर कसे चालले, पुराच्या किंवा दंगलीच्या दिवसांत पुस्तके कुठे हलवली, कोणत्या वाचकाने त्यांना सर्वांत जास्त पळवले, हे विचारा. तारखा चुकल्या तरी चालतील, त्या पुढे ताडून घेता येतात.

कागद आणताना थोडी काळजी घ्या. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरांसकट कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, आणि ज्या क्रमाने कागद मिळाले तोच क्रम ठेवा, कारण क्रमालाही अर्थ असतो. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने ओळखीच्या माणसांची नावे लिहा, पेनाने नको. ओल लागलेली वही उन्हात वाळवू नका, सावलीत पंख्याखाली पाने उलटत ठेवा. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा: कागद कुणाचे, कुणाच्या घरातून, कोणत्या तारखेला. मूळ कागद द्यायचे नसतील तर फोटो काढू द्या, मूळ तुमच्याकडेच ठेवा. आणि तालुक्यात कागद घेणारा कुणी भेटला नाही, तर जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला गाठा आणि दाखल नोंदवहीत नोंद करून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.